सुरुंगाआधीची हाळी

मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेची मीटरगेज गाडी किर्लोस्करवाडीला थांबते तेव्हा पाऊस भुरभुरत असतो. तारीख ८ ऑगस्ट १९४५, बुधवार. तुम्ही तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून उतरता. एका अंगाला नांगरांच्या कारखान्याची लांबलचक छपरं, दुसऱ्या अंगाला भुईमुगाची हिरवी रानं. फलाटावर दोन पोलीस उतारूंची बोचकी चाचपताहेत. त्यांना कोण हवंय ते सगळ्या उतारूंना ठाऊक आहे, आणि सांगणार कुणीच नाही.

कुंडल इथून कोसभर. वाटेवर चिखल आहे, वहाणा हातात घ्या. ज्या ओट्यावर तुम्हाला नेतो आहे तो ओटा आणि त्यावरची माणसं मी कल्पिलेली आहेत. तारखा, पलटणी, हुकूम आणि मेलेली माणसं मात्र खरी आहेत. तुमच्याजवळ गावापेक्षा एकच गोष्ट जास्त आहे: पुढं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. ते बोलायचं नाही, फक्त ऐकायचं.

हा सगळा मुलूख तुमच्या नकाशात सांगली जिल्हा आहे. आज तो तसा नाही. वाळवा, तासगाव हे तालुके सातारा जिल्ह्यात, सांगली-मिरज ही वेगळी संस्थानं, आणि कुंडल, किर्लोस्करवाडी ही औंधच्या पंतप्रतिनिधींची गावं. जिल्ह्याचे दोन तुकडे व्हायला १९४९ साल उजाडेल, आणि दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव १९६० मध्ये मिळेल. तूर्त या भागावर दोन सरकारं आहेत. एक दिल्लीचं. दुसरं १९४३ पासून चाललेलं नाना पाटलांचं प्रतिसरकार, ज्याचं कुंडल हे मोठं ठाणं. त्याची न्यायमंडळं आहेत, जी. डी. बापू लाडांची तुफान सेना आहे, कर्ज न काढता होणारी गांधी विवाहाची लग्नं आहेत. गेल्या मे महिन्यात बापूंचं स्वतःचं लग्न याच गावात हजारोंच्या गर्दीत लागलं, डोक्यावर वॉरंट असताना. सातारच्या कलेक्टरला याची खबर नव्हती असं समजू नका.

आणि याच घरांमधून पलटणीला माणसं जातात. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याच्या ४६ जवानांनी पहिल्या महायुद्धात जीव दिला. त्या गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ जोडलेलं आहे. या युद्धातही मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बटालियनी आसाम-ब्रह्मदेशापासून इटलीपर्यंत लढल्या. एका चुलीवर जेवणारे दोन भाऊ, एक बेळगावला कवायत करून इंग्रजाच्या फौजेत, दुसरा रात्री कुंडलच्या डोंगरात इंग्रजाविरुद्ध. हे इथल्या लोकांना विचित्र वाटत नाही. जमीन थोडी, तोंडं फार. पलटणीचा पगार मनीऑर्डरनं येतो आणि स्वराज्य मनीऑर्डरनं येत नाही, दोन्ही गोष्टी त्यांना पटलेल्या आहेत.

ओट्यावर शाळेचे मास्तर बसलेत. पुण्याहून गाडीनं आलेला अंक त्यांच्या मांडीवर आहे, कडा ओल्या झालेल्या. भोवती दहा-बारा माणसं. रॉकेल रेशनवर असल्यानं कंदील लावायचा नाही, उजेड आहे तोवर वाचून घ्यायचं.

मास्तर वाचतात: जपानातल्या हिरोशिमा शहरावर अमेरिकेनं एकच बाँब टाकला. त्याची ताकद वीस हजार टन टी. एन. टी. पेक्षा जास्त. तो करायला दोनशे कोटी डॉलर लागले.

वीस हजार टन हा आकडा ओट्यावर कुणाच्याच हाताला लागत नाही. दोनशे कोटींचा तर त्याहून नाही. मग कोपऱ्यात उकिडवा बसलेला एक वडार बोलतो. त्याचा जन्म विहिरी खोदण्यात गेलाय. उजव्या हाताची दोन बोटं अर्धी आहेत.

“दारूच हाय न्हवं ती? म्हंजी सुरुंगच.”

“सुरुंगच म्हण. पण एका सुरुंगात अख्खं शहर.”

वडार थोडा वेळ गप्प राहतो. त्याचं काम तुम्ही पाहिलेलं नाही म्हणून सांगतो. विहिरीत काळा पाषाण लागला की पहारीनं घाव घालून घालून हातभर खोल भोक पाडायचं, धूळ पळीनं काढायची, दारू ठासायची, वात सोडायची, वरून माती दाबायची. मग एक जण काठावर चढून चारी दिशांना हाळी देतो. रानातली माणसं अवजारं टाकून झाडाआड जातात, गुराखी गुरं लांब हाकतो, बाया पोरं उचलतात. पुन्हा हाळी. तिसऱ्या हाळीनंतर वातीला पेटती काडी लागते आणि लावणारा दोराला धरून वर येतो. हाळी न देता वात लावणाऱ्याला या पंचक्रोशीत दुसऱ्या दिवशी काम मिळत नाही.

“मास्तर,” वडार विचारतो, “हाळी दिली हुती का त्येंनी?”

मास्तर अंक वर-खाली पाहतात. त्यात तसं काही नाही. जुलैच्या अखेरीस दोस्त राष्ट्रांनी जपानला शरण या, नाहीतर संपूर्ण विनाश होईल असं बजावलं होतं, एवढं त्यांच्या वाचनात आहे. ते तसं सांगतात.

“ती धमकी झाली,” वडार म्हणतो. “हाळी न्हवं.”

तुम्हाला इथं बोलावंसं वाटेल. कारण तुम्हाला माहीत आहे की हाच प्रश्न त्या उन्हाळ्यात अमेरिकेत विचारला गेला होता. शिकागोतल्या शास्त्रज्ञांनी जेम्स फ्रांक यांच्या पुढाकारानं जूनमध्ये अहवाल दिला: आधी ओसाड जागी स्फोट करून जगाला दाखवा. पण युद्धमंत्री स्टिम्सन यांच्या समितीचं आधीच ठरलं होतं, पूर्वसूचना न देता वापरायचा. दाखवायचा बाँब फुसका निघाला तर? जपान्यांनी युद्धकैदी त्या जागी आणून ठेवले तर? शंका खोट्या नव्हत्या. पण २६ जुलैच्या पॉट्सडॅम जाहीरनाम्यात नव्या अस्त्राचं नावही नव्हतं. आणि ६ ऑगस्टच्या सकाळी हिरोशिमात उलटंच झालं. सात वाजून गेल्यावर हवामान पाहणारं एक विमान आलं, भोंगा वाजला. ते निघून गेलं आणि साडेसातला धोका टळल्याचा भोंगा झाला. माणसं आडोशातून बाहेर आली. शाळकरी पोरं आगीला आडवे पट्टे ठेवण्यासाठी घरं पाडायच्या कामाला लागली. सव्वाआठला बाँब फुटला. वडाराच्या भाषेत, माणसांना झाडाआडून बाहेर बोलावून वात लावली गेली. तसा हेतू कुणाचा नव्हता, हे खरं. पण ते टळावं असं कुणी काही केलंही नव्हतं.

ओट्याच्या पायरीवर एक बाई बसली आहे. नऊवारीचा पदर डोक्यावर, कडेला कोयता. तिचा थोरला मराठा पलटणीत आहे. तिनं पदराच्या गाठीतून एक कार्ड काढून मास्तरांकडं दिलंय. ते तिनं आधी तीनदा वाचून घेतलेलं आहे. जवळून पाहा. शिसपेन्सिलीचा मजकूर, ओळी उजवीकडं खाली घसरलेल्या. गाव नाही, फक्त फील्ड पोस्ट ऑफिसचा आकडा. सेन्सॉरचा जांभळा शिक्का नेमका “आम्ही आता” या शब्दांनंतर पडलाय, आणि पुढची ओळ शाईनं खोडली आहे. खाली बैलांची चौकशी आणि धाकट्या बहिणीला नमस्कार नको, आशीर्वाद असं.

“मास्तर, हाळीचं र्‍हाऊ द्या,” ती म्हणते. “लढाई संपनार का न्हाय तेवढं सांगा.”

“संपेल असं दिसतंय, आक्का.”

“मग चांगलंच झालं की.”

कुणी तिला उत्तर देत नाही. तुम्हीही देऊ नका, कारण तिचं म्हणणं भक्कम आहे, आणि ते किती भक्कम आहे हे तिलाही ठाऊक नाही. समजा तिचा मुलगा चौथ्या बटालियनमध्ये आहे. ही बटालियन मार्च १९४४ मध्ये मणिपुरात सांगशाकला पॅराशूट ब्रिगेडबरोबर जपान्यांच्या वेढ्यात सापडली होती. आठवडाभर ती माणसं पाण्यावाचून, आपल्याच मेलेल्यांशेजारी खंदकात लढली. खोडलेल्या ओळीत काय असेल तेही तुम्ही ओळखू शकता. सप्टेंबरमध्ये मलायाच्या किनाऱ्यावर चढाई करायची, ‘ऑपरेशन झिपर’, अशी तयारी चालू आहे आणि तिच्यात हिंदी डिव्हिजन आघाडीला आहेत. जपान शरण आलं म्हणून ९ सप्टेंबरला मोरिबच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्यांवर गोळी झाडायला कुणी नसेल. रणगाडे आणि गाड्या तिथल्या गाळात रुतून बसतील. समोर शत्रू असता तर काय झालं असतं ते त्या गाळाकडं पाहून कळतं. सिंगापूर पडलं तेव्हा कैद झालेले हजारो हिंदी शिपाई अजून जपानी छावण्यांत मरताहेत. चीनमध्ये रोज किती मरताहेत त्याला मोजमाप नाही. अॅटम बाँबवर आपल्याकडं जे लिहिलं जातं त्यात या बाईला जागा नसते, आणि मला ते लबाडीचं वाटतं. ‘बाँब नको होता’ असं म्हणायचं असेल तर तिच्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणता आलं पाहिजे.

रात्री मुक्कामाला राहा. उद्या ९ ऑगस्ट.

‘चले जाव’ला उद्या तीन वर्षं होतात. इथं हा दिवस सरकारी सुट्टीचा नाही, तो पोलिसांच्या जादा कुमकीचा असतो. सकाळी प्रभातफेरी निघते, कुठून निघाली आणि कुठं विरली ते कुणाला सांगता येत नाही. युद्धामुळं हिंदुस्थानातली घड्याळं १९४२ पासून तासभर पुढं केलेली आहेत. त्या वाढीव वेळेनुसार कुंडलात साडेआठ वाजून दोन मिनिटं होतात तेव्हा नागासाकीत अकरा वाजून दोन मिनिटं झालेली असतात.

वर बघा. आभाळ भरून आलंय, श्रावणातलं. बाँब घेतलेलं विमान आज नागासाकीसाठी निघालंच नव्हतं. त्याला सांगितलेलं शहर कोकुरा. तिथं धूर आणि ढग होते, तीन घिरट्या घालूनही लक्ष्य दिसेना, पेट्रोल संपत आलं, मग नागासाकी. तिथंही ढगच, फट मिळाली ती उराकामीच्या खोऱ्यावर, जिथं शस्त्रांचे कारखाने होते आणि मोठं ख्रिस्ती देऊळ, त्याभोवतीची वस्ती. मुळात हा बाँब ११ तारखेला टाकायचा होता. पुढचे दिवस हवा बिघडणार म्हणून तो दोन दिवस अलीकडं ओढला. त्या दोन दिवसांत काय झालं असतं? रशियानं ८ तारखेला जपानविरुद्ध युद्ध पुकारलं, मध्यरात्रीनंतर त्याच्या फौजा मांचुरियात घुसल्या. टोकियोत सहा जणांचं युद्धमंडळ शरणागतीवरच बसलं होतं. नागासाकीची बातमी त्यांना त्या बैठकीत मिळाली. बैठकीत तीन विरुद्ध तीन अशी फूट होती, बातमीनंतरही तीन विरुद्ध तीनच राहिली.

दुसरा बाँब टाकायचा की नाही यावर कुणी बसून विचार केला, कुणी नको म्हणालं, कुणी हो म्हणालं, असं मला कुठं सापडत नाही. २५ जुलैचा एक लष्करी हुकूम होता: पहिला बाँब ३ ऑगस्टच्या सुमारास हवा बरी असेल तेव्हा, आणि पुढचे तयार होतील तसे. त्या एका कागदावर नागासाकी गेलं. नागासाकीनंतर, १० ऑगस्टला, अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन यांनी सांगितलं की यापुढं माझ्या स्पष्ट परवानगीशिवाय नाही. म्हणजे परवानगी विचारायची असते हे त्यांच्या ध्यानात आलं, पण एका शहराच्या अंतरानं. ‘आवश्यक होतं का’ हा वाद घालणारे दोन्ही बाँब एकाच मापात टाकतात. मी टाकत नाही. ज्या गोष्टीची गरज कुणी तपासलीच नाही, ती नंतर गरजेची ठरवायला कुणाला अधिकार आहे?

संध्याकाळी डोंगराच्या पायथ्याला, एका मळ्यातल्या खोपटात तुम्हाला घेऊन जाईल तो त्या बाईचा पुतण्या. तुफान सैनिक, वय वीसच्या आत-बाहेर, कमरेला सदऱ्याखाली काहीतरी टोचणारं. आत पाच-सहा जण भाकरी आणि ठेचा खाताहेत. नागासाकीची बातमी अजून इकडं पोचलेली नाही. बोलणं हिरोशिमाचंच.

एक जण म्हणतो, “इंग्रज-अमेरिकन आता कुणालाच भिणार नाहीत. आपण तारा तोडून काय करणार?”

दुसरा म्हणतो, “जपाननं चीनमध्ये काय केलं? त्येला शिक्षा नको?”

“कुणाला शिक्षा?” पुतण्या विचारतो. “आपल्याकडं सावकारानं बाईची अब्रू घेतली तर आपण सावकाराला आणतो. त्येची आळी जाळत नाही.”

या वाक्यावर जरा थांबू या, कारण हे लोक अहिंसेचे पुजारी नाहीत. प्रतिसरकारची शिक्षा काय असते ते लहान पोरालाही माहीत आहे. गुन्हेगाराला उताणा पाडायचं, पाय वर बांधायचे आणि तळव्यांवर काठ्या. माणूस कित्येक दिवस चालत नाही. फितुरांचे आणि दरोडेखोरांचे जीवही गेलेत. शेणोलीजवळ ७ जून १९४३ ला त्यांनी पगार नेणारी गाडी लुटली. एप्रिल १९४४ मध्ये खानदेशात चिमठाण्याला सरकारी खजिना लुटला. पण बहुतेक वेळा तळव्यांवर काठी पडण्याआधी तक्रार येते, दोन्ही बाजू बसतात, गावातले पंच ऐकतात. दाब असतो, भीती असते, चुकाही झाल्यात. तरी ज्याला मारायचं त्याचं नाव माहीत असतं आणि त्याचं म्हणणं कुणीतरी ऐकलेलं असतं.

आणि तरीही त्यांना सांगणारा एक माणूस होता की हेही चालणार नाही. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यानंतर गांधीजी याच जिल्ह्यात, पाचगणीला होते. भूमिगतांनी लपणं सोडावं, उघड व्हावं, होईल ती शिक्षा सोसावी, असं त्यांचं सांगणं. अच्युतराव पटवर्धनांसारखा नेताही या जिल्ह्यात लपून होता. बऱ्याच प्रांतांतली भूमिगत चळवळ तोवर थंडावलेली, साताऱ्यानं मात्र ऐकलं नाही. खोपटातली ही माणसं न ऐकणाऱ्यांपैकीच. ती गांधी टोपी घालतात, गांधींच्या नावानं लग्नं लावतात, आणि कमरेला पिस्तूल ठेवतात.

त्यांच्यातला सगळ्यात थोराड माणूस बराच वेळ गप्प आहे. तो म्हणतो, “म्हातारा म्हणत हुता, साधन एकदा हातात घेतलं की ते थांबत न्हाय. आपली काठी तळव्यावर थांबली असं आपण म्हणतो. थांबली ती आपल्याला बाँब मिळाला न्हाय म्हणून का?”

यावर खोपटात भांडण होतं. मी ते इथं सगळं देत नाही. पुतण्या तावातावानं म्हणतो की थांबली ती गाव बघतंय म्हणून. गावात राहायचंय, त्याच विहिरीचं पाणी प्यायचंय. तीस हजार फुटांवरनं टाकणाऱ्याला कुणाच्याच विहिरीवर जायचं नसतं. मला पुतण्याचं पटतं. पण थोराड माणसाचा प्रश्न त्यानं मिटत नाही.

गांधीजी त्या बाँबवर लगेच काही बोलले नाहीत. अनेकांना त्याचं नवल वाटलं. पुढं जुलै १९४६ मध्ये ‘हरिजन’मध्ये त्यांनी लिहिलं: बाँबनं दोस्तांना पोकळ विजय दिला, जपानचा आत्मा सध्या चिरडला गेला, पण नाश करणाऱ्या राष्ट्राच्या आत्म्याचं काय झालं ते दिसायला अजून अवकाश आहे. तो लेख या खोपटातल्या माणसांनी वाचला तेव्हा त्यांच्यावरची वॉरंटं उठली होती.

१५ ऑगस्टला सांगलीला जाऊ. ट्रूमन यांनी वॉशिंग्टनमध्ये जपानची शरणागती जाहीर केली तेव्हा इथं पहाटेचे साडेपाच होते. गणपतीच्या देवळापाशी दिवसभर एकच बोलणं. पण तुम्ही किल्ल्यातल्या तुरुंगाकडं नजर टाका. २४ जुलै १९४३ ला वसंतदादा पाटील साथीदारांसह याच तुरुंगाचा तट उतरून पळाले. पाठलागात गोळीबार झाला; अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव गेले, दादा जखमी होऊन पकडले गेले. आज दादा तुरुंगातच आहेत. दोन माणसं गेली तर सांगलीला दोघांची नावं पाठ आहेत, कोण कुठं पडलं तेही पाठ आहे. हिरोशिमाचा आकडा वर्षअखेरीला एक लाख चाळीस हजारांच्या आसपास धरतात, नागासाकीचा सत्तर हजारांच्या वर. सुमारे, अंदाजे. घरंच्या घरं गेली, तिथं नावं सांगायला कोण उरणार?

विश्रामबागेत विलिंग्डन कॉलेजच्या आवारात पोरांचा वाद रंगलाय असं धरा. इथला युक्तिवाद ओट्यापेक्षा शहाणा आहे. एक जण ओकिनावाचं काढतो: एप्रिल ते जून, बारा हजारांवर अमेरिकन मेले, जपानी सैनिक लाखाच्या घरात, सामान्य माणसं वेगळी. मग जपानच्या मुख्य भूमीवर चढाई केली असती तर? आणि टोकियो मार्चमध्ये साध्या आगलाव्या बाँबनी जाळलं, एका रात्रीत लाखभर माणसं, त्याबद्दल कुणी का बोलत नाही?

हे शेवटचं त्याचं बरोबर आहे. शहरं जाळणं हिरोशिमाच्या आधीच नेहमीचं झालेलं होतं. बाँबनं ते एका विमानात बसवलं, एवढंच. पण चढाईची तारीख १ नोव्हेंबर होती, ७ ऑगस्ट नव्हती. मधे बारा आठवडे होते. जपानचे परराष्ट्रमंत्री तोगो जुलैत मॉस्कोतल्या आपल्या राजदूताला तारा पाठवत होते की रशियाला मध्यस्थीला घ्या, बिनशर्त शरणागती हीच अडचण आहे. त्या तारा अमेरिकन वाचत होते. सम्राटाला गादीवर ठेवू असं एक वाक्य स्टिम्सन यांच्या मसुद्यात होतं, ते पॉट्सडॅमला गाळलं. युद्ध संपल्यावर सम्राटाला गादीवर ठेवलंच. पाच लाख, दहा लाख जीव वाचले हे आकडे नंतरच्या लेखांत आणि आठवणींत वाढत गेले. जून १९४५ मध्ये लष्करी नियोजकांच्या एका समितीचा अंदाज त्यांच्या जवळपासही नव्हता.

दुसरी बाजूही तितकीच खरी. ‘जपान शरण येणारच होता’ हे फार सोपं आहे. सैन्यमंत्री आनामी दोन्ही बाँबनंतरही लढा म्हणत होते. सम्राटाचं भाषण नभोवाणीवर जाऊ नये म्हणून १४ तारखेच्या रात्री काही अधिकाऱ्यांनी राजवाड्यात घुसून बंड केलं. पहिल्या बाँबनं सम्राटाला बोलायला निमित्त दिलं असेल, असं मी मानायला तयार आहे. निमित्त आणि गरज यांत एका शहराचा फरक आहे. बारा आठवडे होते, गाळलेलं वाक्य होतं, रशिया होता, आणि वडाराची हाळी होती. यातलं एकही आधी करून पाहिलं नाही. शेवटचा उपाय पहिल्यांदा वापरला, म्हणून तो अनावश्यक होता असं माझं मत आहे. हे मी त्या बाईला सांगायला तयार आहे. तिचा मुलगा त्या बारा आठवड्यांत मलायाच्या किनाऱ्यावर असता, हेही मला तिला सांगावं लागेल, आणि ती मला काय म्हणेल ते मला माहीत आहे.

पण तिची लढाई संपली का? कुंडलात परत चला, दिवाळीच्या तोंडावर. चौथी आणि सहावी मराठा बटालियन २५ ऑक्टोबरला जावाच्या सुराबायाला उतरल्या. जपानी शरण आले होते, डच परत येऊ पाहत होते, आणि इंडोनेशियानं दोन महिन्यांपूर्वी स्वतःला स्वतंत्र जाहीर केलं होतं. त्यांच्या ब्रिगेडच्या ब्रिगेडिअर मॅलबीनं तिथल्या पुढाऱ्यांशी समझोता केला. २७ तारखेला वरून विमानानं पत्रकं टाकली गेली, हत्यारं खाली ठेवा, नाहीतर गोळी. ब्रिगेडिअरला त्याची खबरही नव्हती. दुसऱ्या दिवसापासून हजारो इंडोनेशियन तरुण विखुरलेल्या चौक्यांवर तुटून पडले. शेकडो हिंदी शिपाई मेले, जखमी झाले, नाहीसे झाले. ३० तारखेला मॅलबीही. अॅटम बाँबनं ज्यांना मलायात वाचवलं ते सुराबायात असे मेले. युद्ध संपून अडीच महिने झाले होते.

१९४६ च्या उन्हाळ्यात तिचा मुलगा रजेवर येतो. माझ्या कल्पनेतल्या ओट्यावर तरी तो येतो. पुतण्याही उजळ माथ्यानं घरी आहे. बाईनं पुरण घातलंय. पोरगा जावाबद्दल फार बोलत नाही. एवढं सांगतो की तिकडं पोरं रिकाम्या हातांनीसुद्धा अंगावर येत होती, ‘मेर्देका’ ओरडत. कुणीतरी त्याला सांगितलं, म्हणजे स्वराज्य.

“तुमच्यासारखीच,” तो पुतण्याकडं बघून म्हणतो.

“आणि तू, दादा? गोळी झाडलीस?”

“हुकूम हुता.”

“हुकूम त्या विमानवाल्याला बी हुता.”

पोरगा ताट बाजूला सारतो. “आणि तुला न्हवता? तुमच्या सरकारचा? किती जणांच्या तळव्यांवर काठ्या घातल्यास, ते सांग की.”

“आमच्यात आधी गाव बसतं. ऐकून घेतं.”

“दरवेळी?”

बाई चुलीपासून दोघांकडं बघते आहे.

“न्हाय,” पुतण्या म्हणतो. “दरवेळी न्हाय.”